अंगठ्याखालचा ठिपका

त्यांनी आयुष्यात एकही गेम शेवटपर्यंत खेळला नाही. तरी चार वर्षं आमच्या वेबसाइटवर गेमिंगच्या वस्तूंबद्दल शेवटचा शब्द त्यांचाच असायचा. मोटारींच्या शर्यतीचा गेम लावून द्यावा, तर हे आपले ताशी चाळीसच्या वेगाने, डावी बाजू धरून, अख्खी फेरी पूर्ण करायचे आणि सगळ्यात शेवटी पोचायचे. मागून येणाऱ्या गाड्या यांना ठोकून पुढे जायच्या. आम्ही मागे उभे राहून हसायचो. यांचं लक्ष स्क्रीनकडे नसायचंच, ते बोटाखालच्या चापाकडे असायचं. पूर्ण दाबायला काय, कुणीही दाबतो, असं त्यांचं म्हणणं. अर्धा दाबला तर अर्धाच वेग मिळतो का, हे बघायचं असतं.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. मला तेव्हा सव्विसावं चालू होतं आणि ते साठी ओलांडून तीन वर्षं झालेले. आमचं ऑफिस मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, एका बंद पडलेल्या कारखान्याचे गाळे करून भाड्याने दिलेत त्यांतल्या एका गाळ्यात. आम्ही पाच माणसं मोबाइल, हेडफोन, कीबोर्ड, घड्याळं असलं सगळं वापरून बघायचो आणि मराठीतून त्याबद्दल लिहायचो. काका नोकरीला लागायच्या आधी आमचे वाचक होते, आणि वाचक म्हणजे ताप होते. दर आठवड्याला त्यांची मेल यायची. तुम्ही माउसचं वजन लिहिलंत ते सेल घालून की सेल काढून? वायर दीड मीटर म्हणता, मी मोजली, चार बोटं कमी भरली. आमचा बॉस आधी वैतागला, मग एक दिवस म्हणाला की ह्या माणसाला बोलवा, एकदा तोंड तरी बघू.

आले ते पांढऱ्या बुशशर्टात, खिशात स्टीलची सहा इंची पट्टी घेऊन. गाळ्याचं छत, पंखे, सामानाची लिफ्ट सगळं बघून झाल्यावर म्हणाले, इथून दुसऱ्या गल्लीत माझा कारखाना होता. तिथे दाबमापकं बनायची. बॉयलरवर असतं ना ते, गोल तबकडी आणि काटा. काकांचं काम तपासणीचं. तीस वर्षं त्यांनी काटा शून्यावर बसतो की नाही ते बघितलं. कारखाना गुजरातला गेला, हे बोरिवलीत राहिले. बायको त्याच सुमारास गेलेली, मुलगी लग्न होऊन नाशिकला. घरी बसून करायचं काय, म्हणून नव्या नव्या वस्तू आणून मोजायला लागले. बॉसने त्यांना त्याच दिवशी ठेवून घेतलं आणि खिडकीजवळचं टेबल दिलं.

पहिल्या आठवड्यात त्यांनी ऑफिसातल्या दोन्ही कात्र्या आपल्या खणात कुलूप लावून ठेवल्या. खोकं कात्रीने कापलेलं त्यांना चालायचं नाही. आधी साबणाने हात धुवायचे, पंच्याने कोरडे करायचे, मग नखाने चिकटपट्टीचं टोक उचलायचं आणि ती अख्खीच्या अख्खी सोडवून काढायची. वस्तू बाहेर आली की पहिल्यांदा कानाजवळ नेऊन हलवायची. मग वास घ्यायचा. मग तिला टेबलावर ठेवून चहा प्यायला जायचं. त्या दिवशी तिच्याबद्दल एक शब्द लिहायचा नाही. नवी वस्तू आठ दिवस पाहुण्यासारखी वागते, नवव्या दिवशी घरची होते, असं ते म्हणायचे, आणि लिहायला बसायचे ते नवव्याच दिवशी. बाकीच्या साइटी खोकं उघडल्यापासून दोन तासांत व्हिडिओ टाकून मोकळ्या व्हायच्या. बॉस डोक्याला हात लावायचा. काका, लोक विकत घेऊन मोकळे झाले हो, तो म्हणायचा. मग त्यांना कळलंच असेल, असं काका शांतपणे सांगायचे.

मार्क देणं त्यांना पटायचं नाही. दहापैकी साडेआठ म्हणजे काय, दीड कुठे गेला, असं विचारायचे. त्यांनी मरोळ नाक्यावरून तीन रबरी शिक्के करून आणले. पास, परत आणि बघू. लेख लिहून झाला की कागदावर शिक्का उमटवायचे, आणि त्याचा फोटो मी लेखाखाली लावायचे. सगळा लेख मीच टाइप करायचे, कारण ते लिहायचे शाईच्या पेनाने, एका जाडजूड रजिस्टरमध्ये. डावीकडे तारीख, मग वस्तू, मग काय दिसलं, मग शिक्का. बहुतेक वस्तूंच्या नशिबी बघू यायचं. कंपन्यांची माणसं फोन करून विचारायची की सर, बघू म्हणजे घ्यावी की घेऊ नये. काका म्हणायचे, म्हणजे बघा.

हेडफोन तपासायची त्यांची प्रयोगशाळा म्हणजे बस. ते गोरेगावला उतरून आरेतून मरोळला येणारी बस पकडायचे आणि खिडकीशी बसून कानाला हेडफोन लावायचे. बाहेरचा आवाज बंद करणारे हेडफोन नवीन नवीन होते तेव्हाचं त्यांचं एक परीक्षण मला अजून पाठ आहे. ‘इंजिन गेलं. तबेल्याजवळचा हॉर्न गेला. दोन बायका भांडत होत्या, त्यांचं भांडण निम्मं झालं. कंडक्टर राहिला.’ एवढंच, आणि खाली पासचा शिक्का. बॉस म्हणाला, हे काय परीक्षण आहे का? पण वाचकांना कंडक्टर कळला. पुढे मग दुसऱ्या हेडफोनबद्दल लिहिलं की लोक खाली विचारायचे, काका, कंडक्टरचं काय?

एकदा पावलं मोजणारं घड्याळ घालून ते गणपतीला मालवणजवळच्या गावी गेले. तिथे घरात दीड तास आरत्या. टाळ्या वाजवून वाजवून घड्याळाने त्यांना बसल्या जागी वेंगुर्ल्याच्या वाटेला लावलं होतं. परत आल्यावर त्यांनी लिहिलं की हे घड्याळ भाविक आहे, पण खरं बोलत नाही. परतचा शिक्का मारताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद असायचा, तो मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर बघितला नाही. चूक सापडण्याचा आनंद होता तो. दुष्टपणा त्यात अजिबात नव्हता.

आता कंट्रोलरचं सांगते. गेम खेळताना दोन हातांत धरायचा तो कंट्रोलर. त्याच्यावर दोन अंगठ्यांसाठी दोन बुटक्या दांड्या असतात. काका त्यांना खुंट्या म्हणायचे. खुंटी पुढे ढकलली की खेळातला माणूस पुढे चालतो, सोडली की थांबतो. वस्तू वाईट असेल तर खुंटी सोडली तरी तो आपोआप चालत सुटतो, आणि खेळणारी पोरं मग कंट्रोलर भिंतीवर आपटतात. हे तपासायला एक साधा प्रोग्राम असतो. स्क्रीनवर एक वर्तुळ, त्यात एक ठिपका. खुंटी शांत असली की ठिपका मधोमध शांत. सगळं जग हे खुंटीला हात न लावता तपासतं. काका मात्र अंगठा तिच्यावर नुसता टेकवून, मनगटावरच्या घड्याळात बघून एक मिनिट बसायचे. रिकाम्या खुंटीचं मला काय करायचंय, खेळणाऱ्याचा अंगठा तिच्यावरच असतो ना, असं त्यांचं म्हणणं. आणि ते खरंही होतं. ह्या रीतीने त्यांनी दोन नामांकित कंट्रोलरांमधल्या अशा खोड्या पकडल्या होत्या, की त्या बाकी कुणाला दिसल्या नव्हत्या.

मी जे केलं, किंवा केलं नाही, ते इथेच सांगून टाकते. गणपतीच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. मंगळवार होता. दुपारी काका डबा धुवायला गेले होते. टेबलावर एक काळा कंट्रोलर, समोर स्क्रीन चालू. ठिपका मधोमध, मेल्यासारखा स्थिर. काका आले, हात पुसले, बसले, अंगठा टेकवला. ठिपका थरथरायला लागला. बारीक, एका लयीत. काकांनी एक मिनिट बघितलं, मान हलवली आणि रजिस्टर ओढलं. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघितलं. थरथर खुंटीत नव्हती.

मी काही बोलले नाही. आपल्याला भास झाला असेल असं म्हटलं, मग उद्या बोलू म्हटलं, मग बॉसला सांगावं का असा विचार केला. पण त्या माणसाचं सगळं आयुष्य काटा हलतो की नाही ह्यावर उभं होतं. त्यांना तुमचाच हात हलतोय असं कोणत्या तोंडाने सांगायचं? नवव्या दिवशी त्यांनी त्या काळ्या कंट्रोलरवर परतचा शिक्का मारला आणि मी तो लेख मुकाट्याने टाइप करून साइटवर चढवला. नंतर तसाच आणखी एक. तिसरा घाटकोपरचा.

घाटकोपरला एक बहीणभाऊ होते. दोघं इंजिनियर, वडिलांच्या जुन्या वर्कशॉपमध्ये त्यांनी स्वतःचा कंट्रोलर जुळवायला घेतला होता. मोठ्या कंपन्यांपुढे ह्यांना कोण विचारणार? लॅमिंग्टन रोडच्या काही दुकानदारांनी सांगितलं होतं की मरोळच्या त्या काकांचा शिक्का आणा, दिवाळीला माल ठेवतो. त्यांनी पहिला नग पाठवला. परत. काकांच्या नियमाप्रमाणे दुसरा नग मागवला. तोही परत. लेख चढला तेव्हा दिवाळी दोन आठवड्यांवर होती, आणि माझा हात माउसवर होता, आणि मला सगळं ठाऊक होतं.

दोन दिवसांनी ती बहीण स्वतः ऑफिसात आली. माझ्याच वयाची, पाठीवर सॅक, सॅकमध्ये पाच कंट्रोलर. भांडायला आली होती हे तिच्या चालीवरूनच कळत होतं. पण काकांचं वय बघून तिने आवाज खाली घेतला. काका, तुम्ही कसं तपासता ते मला एकदा दाखवा, एवढंच म्हणाली. काकांना असले प्रश्न आवडायचे. त्यांनी तिला खुर्ची दिली, पहिला नग जोडला, अंगठा टेकवला. ठिपका थरथरला. बघ, काका म्हणाले. तिने बघितलं. मग म्हणाली, आता अंगठा काढा. ठिपका थांबला. ठेवा. थरथरला. असं पाचही नगांना केलं. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली की तुम्ही ठेवता का जरा?

मी अंगठा ठेवला. ठिपका हलला नाही.

ऑफिसात सगळे उठून आमच्याभोवती आले होते. त्या मुलीचा चेहरा बदलला. तिला कळलं होतं, आणि ज्या क्षणी कळलं त्या क्षणी तिची भांडायची इच्छाच गेली. ती घाईघाईने कंट्रोलर सॅकमध्ये भरायला लागली.

“असू दे काका,” ती म्हणाली. “आमच्याच मालात असेल काहीतरी. मी परत बघते.”

“थांब,” काका म्हणाले. “मालात नाही.”

त्यांनी उजवा हात मांडीवर सैल सोडला आणि त्याच्याकडे बघत बसले, घड्याळ लावून, पूर्ण एक मिनिट. हात चष्म्यावरून बघितला, चष्म्यातून बघितला. मग मालवणीत, कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, “घराकडे हातातलो पेपर हलत होतो. माका वाटला पंख्याचो वारो.”

बॉस चांगला माणूस. तो लगेच म्हणाला की काका, वयाने होतं, टेन्शन घेऊ नका, ह्यांचा लेख आपण गुपचूप काढून टाकू, विषय संपला. ती मुलगीही चालेल म्हणाली. काकांना ते चालणार नव्हतं. दाबमापकांच्या कारखान्यात एक नियम होता, तो त्यांनी आम्हाला तिथेच सांगितला. ज्या मापाने माल तपासतो ते मापच चुकीचं निघालं, तर ते माप शेवटचं बरोबर होतं त्या दिवसापासून त्याने तपासलेला सगळा माल परत बोलवायचा. पास केलेला आणि नापास केलेला, सगळा. त्यातला एक नग तपासून भागत नाही.

“माप कुठलं, काका?” बॉसने विचारलं.

“मी,” काका म्हणाले.

बॉस त्यांना आत घेऊन गेला आणि काचेआडून आम्हाला नुसते हातवारे दिसत राहिले. नंतर बॉसनेच मला सांगितलं की तो बराच वेळ समजावत होता. आपलीच वाट लागेल, कंपन्या नोटिसा पाठवतील, वाचक हसतील, तुमची अब्रू जाईल. काका एकच वाक्य परत परत म्हणत राहिले, की अब्रू त्या मुलीची गेली आहे, माझी नाही. शेवटी बॉसने हात टेकले. त्याने एक निवेदन लिहिलं, आमच्या चाचणी प्रक्रियेत काही त्रुटी आढळल्या आहेत वगैरे. काकांनी ते खोडलं आणि खाली शाईच्या पेनाने लिहिलं: ‘घाटकोपरच्या कंट्रोलरमध्ये दोष नाही. तपासणाऱ्याचा हात हलत होता. एप्रिलपासूनची माझी सर्व परीक्षणं कृपया धरू नयेत.’ खाली स्वतःचं पूर्ण नाव. त्या कागदावर अक्षरसुद्धा थोडं बारीक झालेलं होतं, ते मला तेव्हा दिसलं. आठ दिवस थांबायचा नियम त्यांनी त्या दिवशी मोडला. संध्याकाळी सहाच्या आत ते साइटवर होतं.

लोक हसले नाहीत. काहींनी कंपनीने दाबलं असं लिहिलं, ते तर होणारच. घाटकोपरच्या त्या दोघांचा माल बहुतेक दुकानदारांनी ठेवला. एकाने तोवर दुसऱ्याचा भरून टाकला होता. काकांनी त्या दुकानदाराला स्वतः जाऊन गाठलं, सगळं सांगितलं, पण त्याच्याकडे खरंच जागा नव्हती. ते दुकान गेलं ते गेलंच. काका ह्याबद्दल त्या मुलीची दर वेळी फोनवर माफी मागायचे, इतकी की ती म्हणायची, काका, आता मीच तुमची माफी मागते, पण पुरे.

मग माल परत बोलवायचं काम सुरू झालं. एप्रिल हा त्यांचा अंदाज होता, आणि अंदाजावर त्यांचा विश्वास नव्हता. रजिस्टर मागून पुढे वाचायचं, एकेक कंट्रोलर मिळवायचा आणि पुन्हा तपासायचा. अंगठा माझा, डोळे त्यांचे. सुरुवातीला मी अंगठा दाबून धरायचे. अगो, टेकव नुसता, ते सांगायचे. काही वस्तू कंपन्यांनी परत नेलेल्या होत्या, त्यासाठी आम्ही वाचकांना विचारलं. मुलुंडला एका बाईंकडे जून महिन्यातला एक निघाला. त्यांच्या हॉलमध्ये टीव्हीला जोडून मी खुंटीवर अंगठा ठेवून बसले, काका ठिपक्याकडे बघत, आणि बाई आम्हा दोघांकडे. ठिपका स्थिर होता. काकांनी जूनच्या रकान्यातला परतचा शिक्का खोडला आणि शेजारी तारीख घालून सही केली. मे महिन्यातला खोडला. एप्रिलमधले दोन्ही खोडले.

मार्चमधला एक निळा कंट्रोलर बॉसच्या कपाटात सापडला. मी अंगठा टेकवला आणि ठिपका डावीकडे सरकला. काढला, तरी डावीकडेच. काकांनी मला तीन वेळा करायला लावलं. मग ते असे हसले, की मी त्यांना ओळखते त्या सगळ्या काळात तसे कधी हसले नव्हते.

“मार्चात हात आपला होता,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या ऑफिसला खरवस खायला घातला. आरेतून येताना घेऊन आले होते की कुणाला पाठवलं होतं ते मला आठवत नाही. बॉसने कशाबद्दल म्हणून विचारलं, तर म्हणाले, एक नग खरोखर खराब निघाला.

बोरिवलीला मेंदूच्या डॉक्टरांकडे मी त्यांच्याबरोबर गेले, कारण नाशिकहून मुलगी दुपारपर्यंत पोचणार नव्हती. डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली, कागदावर चक्र काढायला सांगितलं. मग सगळ्या पेशंटना विचारतात तसं विचारलं, कधीपासून आहे हे? बाकीचे लोक सांगतात की असंच, दिवाळीपासून, बघा. काकांनी पिशवीतून रजिस्टर काढलं. मार्चमध्ये नाही, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आहे, आठ दिवसांचा फरक पडेल, त्याहून जास्त नाही. डॉक्टर पानं उलटत राहिले. कंपवात आहे असं त्यांनी सांगितलं, गोळ्या दिल्या, हा बरा होत नाही पण सांभाळता येतो हे नीट समजावलं, आणि जाताना म्हणाले की ह्या पानांची झेरॉक्स मला मिळेल का?

औषधाच्या दुकानाबाहेर बाकड्यावर आम्ही बसलो होतो. मला आता ते पोटात ठेवणं शक्य नव्हतं. मी सांगून टाकलं. काका, मला आधीच दिसलं होतं.

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं.

“कधी दिसला तुका?”

“गणपतीच्या आधीच्या आठवड्यात. मंगळवारी.”

त्यांनी ते लिहून घेतलं, पुढे माझं नाव लिहिलं. मग टोपण लावून पेन खिशात ठेवलं. “मधे तीन वस्तू गेल्या गो,” एवढंच म्हणाले. मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

थोड्या वेळाने त्यांनी मला काम दिलं. कारखान्यात प्रत्येक मापाची तपासणी ठरलेल्या दिवशी व्हायची, तशी आता त्यांच्या हाताची दर सोमवारी व्हायला हवी. स्वतःचा हात स्वतःला कळत नाही, हे त्यांना पटलं होतं. तपासणार मी.

“चांगलं दिसलं तर चांगलं सांगायचं, वाईट दिसलं तर वाईट,” ते म्हणाले. “त्याच दिवशी. माझ्या तोंडाकडे बघायचं नाही. हाताकडे बघायचं.”

पहिल्या सोमवारी मी म्हणाले, कमी वाटतंय. कमी म्हणजे किती, त्यांनी विचारलं. मग स्क्रीनवरच्या वर्तुळात रेघा आखून ठिपका किती रेघा हलतो ते मोजायला लागलो. गोळ्यांनी फरक पडला. अंगठ्याच्या वस्तू त्यांनी माझ्याकडे सोपवल्या, हेडफोन आणि घड्याळं स्वतःकडे ठेवली, त्यांचे शिक्के मारणं चालू राहिलं. बस चालू, कंडक्टर चालू. आमचा सोमवार सकाळी साडेदहाला, चहाच्या आधी. मी आकडा सांगायचे, ते लिहायचे, मग चहा यायचा. ऑफिसातल्या नव्या मुलांना वाटायचं की ही काहीतरी पूजा आहे.

असं दीडेक वर्ष गेलं. त्या सोमवारी काका खुशीत होते. नाशिकला नातू झाला होता, त्याच्यासाठी रडण्याचा आवाज ऐकून फोनवर कळवणारं एक यंत्र घेतलं होतं, आणि ते यंत्र नातवाच्या रडण्यात आणि कुकरच्या शिट्टीत फरक करत नाही हे सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं. उजवा अंगठा खुंटीवर टेकवलेला होता. मी मोजलं. गेल्या वेळेपेक्षा दोन रेघा कमी. ते मी सांगितलं, त्यांनी लिहिलं. चहा आला. डाव्या हाताने त्यांनी बशी धरली होती, आणि ती बशी कपाला लागून बारीक वाजत होती. त्यांना ऐकू आलं नाही, ते कुकरचं सांगत होते.

आज नको, असं माझ्या मनात आलं. नातू झालाय, आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगू. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि मग नजर खाली केली.

“काका,” मी म्हणाले, “डावापण.”

त्यांनी बशी खाली ठेवली. दोन्ही हात टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, घड्याळात बघितलं आणि एक मिनिट बघत राहिले. त्यांचे डोळे भरले होते. माझे तर वाहतच होते.

“कधी दिसला?” त्यांनी विचारलं.

“आत्ता.”

“शाब्बास,” काका म्हणाले.